कौतिका सिस्टरांचा डावा हात

कौतिका सिस्टर गेल्या तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांनी त्यांचे दोन्ही हात दाराच्या उजेडात धरून पाहिले म्हणे. गोंदियाजवळच्या गोरेगावकडे त्यांचं गाव, तिथे जुन्या बायका हे अजून पाहतात. अंगावरचं सोनं घरचे लोक काढून घेतात, लुगडं जळून जातं, माणसाबरोबर वर जातो तो फक्त गोदना, अंगावर टोचलेलं गोंदण, असं तिकडे मानतात. सिस्टरांच्या उजव्या हातावर गोदन्याच्या जागी पांढुरके वण होते. डाव्या हातावर, मनगटाच्या आतल्या अंगाला, एकच निळी टिकली सापडली. "एवढीच घेऊन चालली वो बाई," असं कोणीतरी म्हणालं. माझी बहीण तिथे होती, तिने मला फोनवर हे सांगितलं.

माझं गोंदियात फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, सत्कार, श्रद्धांजली, सेल, सगळ्यांचे फ्लेक्स माझ्याच मशीनमधून निघतात. सिस्टर आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून एकट्या राहत. नवरा लवकर वारला होता, मूलबाळ नव्हतं. सरकारी दवाखान्यात भाजलेल्यांच्या ड्रेसिंगच्या खोलीत त्यांनी सारी नोकरी काढली. त्या खोलीत कोणी जास्त दिवस टिकत नसे, वास सहन होत नसे. त्या निवृत्तीपर्यंत टिकल्या.

त्या खोलीने त्यांना एक खोड लावली होती. माणसाच्या तोंडाकडे त्या पाहतच नसत, हाताकडे पाहत. भाजीवाला बदलला तर त्याचे हात पाहून मग भाव विचारीत. नवा माणूस भेटला की आधी त्याची नखं बघायच्या. मी दुकान टाकलं तेव्हा नारळ फोडताना माझ्या बोटांकडे बघून म्हणाल्या, "राजू गा, तुहे हात घाईचे हायेत. जपून काम करजो." मी हसलो होतो. माणसाने हसण्यावारी नेलेल्या गोष्टींची यादी करायला बसलं तर आयुष्य पुरायचं नाही.

आणि त्यांचे स्वतःचे हात! कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हातांवर निळ्या-हिरव्या टिकल्यांच्या ओळी. मधे एक वेल, वेलीच्या टोकाला फूल. लहानपणी आईने गोदना करणाऱ्या बाईसमोर बसवून, दोघींनी हातपाय धरून टोचून घेतलेला. "आई सांगे," सिस्टर म्हणत, "गोदना नसला का वर सब्बलीनं गोदतात. मंग रडून फायदा नाई." सब्बल म्हणजे लोखंडी पहार. त्या हे हसत सांगायच्या, पण अगदीच चेष्टेत नाही. नर्सबाई असूनही हा एक विश्वास त्यांनी जपून ठेवला होता.

आमच्या दुकानासमोर एक दुमजली कॉम्प्लेक्स आहे. काही वर्षांपूर्वी त्यात वरच्या मजल्यावर लेसरचा दवाखाना निघाला. चेहऱ्यावरचे डाग, वांग, नको असलेले केस, जुनं गोंदण, सगळं काढून मिळेल अशी पाटी लागली. वर्ष व्हायच्या आत खालच्या मजल्यावर दुसरा निघाला, तीच पाटी, फक्त रंग वेगळा. लोक नावं घेत नसत. 'वरचा' आणि 'खालचा' एवढं म्हटलं की भागायचं.

मग जे सुरू झालं ते सांगायला नको. खालच्याने आपला बोर्ड असा लावला की जिन्याची वाट अर्धी झाकली गेली. वरच्याने रस्त्यापासून जिन्यापर्यंत लाल बाण रंगवले. पहिली बैठक फुकट, मग दोन फुकट, मग सोबत आणलेल्या मैत्रिणीची फुकट. दोन्हीकडचे लोक मोबाईलवर खोट्या नावांनी एकमेकांची निंदा लिहीत बसलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. एका सकाळी वरच्याच्या फ्लेक्सवरच्या पोरीचा गळा ब्लेडने आडवा चिरलेला निघाला. पुढच्या आठवड्यात खालच्याच्या फ्लेक्सवर कोणी जळकं तेल फेकलं. दोघांचेही फ्लेक्स मीच छापत होतो, त्यामुळे भांडण वाढलं की मला आनंदच व्हायचा. हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

एकदा सिस्टर दुकानात येऊन बसल्या होत्या. पडद्यावर वरच्या दवाखान्याचा फ्लेक्स होता, एका पोरीचे दोन फोटो शेजारी शेजारी. एकात गालावर काळे डाग, दुसऱ्यात गाल लख्ख. सिस्टर चष्मा पुसून जवळ आल्या.

"राजू गा, हिचे डाग किती दिवसात गेले?"

"सहा महिने लागले म्हणतात."

"सहा महिन्यात हिच्या कानापाशी उडून राहिलेला केस बी हालला नाई?"

मी मान खाली घातली. फोटो एकच होता. मूळचा गाल स्वच्छ होता, डाग मी संगणकावर घातले होते. आणि ती पोरगी गोंदियाची काय, भारताची तरी होती की नाही कोण जाणे, इंटरनेटवरून उतरवली होती. महिन्याभराने खालच्याचा मॅनेजर पेन ड्राइव्ह घेऊन आला, त्यातही तीच पोरगी! मी तिला डावीकडची उजवीकडे फिरवून दिली. वर आणि खाली एकच चेहरा टांगलेला होता आणि सारा गाव त्याखालून जात होता.

"असंच असते ना सिस्टर सगळीकडे," मी म्हणालो.

"मी भाजलेल्यायच्या पट्ट्या बदलवल्या बापा," त्या म्हणाल्या. "असंच असते म्हनून कोनाचंच भाजत नाई."

त्या दिवसापासून त्यांनी दवाखाने तपासायचं काम अंगावर घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. गल्लीतल्या दोन-तीन पोरींनी विचारलं होतं, सिस्टर, वर जाऊ का खाली? सिस्टरांनी त्यांना थांबायला सांगितलं आणि भर रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत गावाला निघून गेल्या. भावाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, दरवर्षी चार दिवस रोवणीला जायचा त्यांचा नेमच होता. परत आल्या त्या कोपरापर्यंत रापलेल्या, नखांत चिखल. तसल्या अवतारात, घरी न जाता, एसटी स्टँडवरून थेट खालच्या दवाखान्यात शिरल्या. हात पुढे केला. ही एक टिकली काढून द्या म्हणाल्या, आजच. लगेच काढून दिली. आठ दिवसांनी तिथे फोड आला, मग खड्डा पडला, मग पांढरा वण.

जखम सुकल्यावर पुढच्या रोवणीला पुन्हा गेल्या आणि तशाच रापलेल्या हातांनी वर चढल्या. तिथे तेव्हा डॉक्टर स्वतः बसायचा. बाहेरगावचा, तरुण, हिंदी बोलणारा. त्याने हात पाहिला आणि मशीनचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

"आंटीजी, धूप में काम किया है आपने. अभी नहीं होगा. दिवाली के बाद आइए."

सिस्टर दिवाळीनंतर गेल्या. त्याने एक टिकली काढली. महिन्याभराने ती जागा पाहिली तर नुसती फिकट कातडी, वण नाही.

"उन्हात रापलेल्या हातावर लेसर माराचा नसते, तेवढं त्याले समजते," त्या मला म्हणाल्या. "पन समजनं वायलं अन् आलेलं गिऱ्हाईक परत धाडनं वायलं. जो परत धाडते, त्याच्याकडे जाचं."

ही त्यांची परीक्षा. मशीन कुठली, परदेशी की देशी, भिंतीवर कागद किती, हे त्या विचारत नसत. खुर्चीत बसून बघत बसायच्या. डोळ्यांवर घालायचे चष्मे धुतलेले आहेत की धूळ खात टांगलेत. डॉक्टर बाहेर जातो तेव्हा आत काम चालू राहतं की थांबतं. मशीन धरलेल्या माणसाची नखं. आणि शेवटी आपली एक टिकली देऊन यायच्या. उजव्याच हातावरची. डावा हात त्यांनी पदराखाली ठेवलेला असायचा.

"डावा कोनालेच नाई देत," त्या म्हणत. "तो वर न्याचा हाय."

दोन वर्षांत अशी त्यांची ख्याती झाली की आमगावहून बायका त्यांचं घर विचारत यायच्या. ओट्यावर बसून सिस्टर त्यांना उजवा हात दाखवत, हा खड्डा खालचा, ही फिकट जागा वरची. त्यांनी कधी कोणाकडून पेढासुद्धा घेतला नाही.

खालच्याचा मॅनेजर एकदा त्यांच्याकडे साडी घेऊन गेला. सिस्टरांनी ती दारातूनच परत केली. तो चिडला नाही. चप्पल घालता घालता एवढंच म्हणाला, "आजी, उमर हो गई आपकी. सीढ़ियाँ संभल के चढ़ा करो." त्यानंतर पंधरा दिवस एक स्कूटरवाला त्यांच्या दारासमोर रोज सकाळी उभा राहायचा. काही करायचा नाही, बोलायचा नाही. सिस्टर त्याच्यासमोर अंगण झाडायच्या. मी विचारलं, भीती नाही वाटत?

"वाटते ना. पन त्याचे हात पायले मी, थरथरून राहिले होते. त्याले बी कोनी धाडलंच असन."

आता माझ्या घाईच्या हातांची गोष्ट.

वरच्या दवाखान्याचं बरं चाललं होतं. डॉक्टरने भंडाऱ्याकडे, बालाघाटकडे आणखी दुकानं टाकली. मग तो इथे फक्त रविवारी बसायला लागला. हे आम्हांला कोणी सांगितलं नाही, पाटीवर त्याचं नाव होतं तसंच राहिलं. एके दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, राजूभाई, ती इंटरनेटवाली पोरगी आता पुरे, लोकांना ओळखीचा चेहरा पाहिजे. मी म्हणालो, आमच्या सिस्टर तर तुमच्याकडेच पाठवतात सगळ्यांना. त्याचे डोळे चमकले. सिस्टरांच्या निवृत्तीच्या सत्काराचा फ्लेक्स मीच छापला होता. पांढऱ्या साडीतला, गळ्यात हार घातलेला फोटो माझ्या संगणकात पडून होता. सिस्टरांना विचारायला चार घरं चालत जावं लागलं असतं. गेलो नाही. मनाला सांगितलं, यात खोटं काय आहे? त्या पाठवतातच की.

'अनुभवी सिस्टरांचा विश्वास', वर त्यांचा चेहरा, चांगला दहा फुटी. जिन्याच्या तोंडाशी लागला.

सिस्टर तेव्हा गावाला गेलेल्या होत्या. आठ दिवसांनी आल्या, फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या, मग दुकानात आल्या. मला वाटलं ओरडतील.

"उतरव," एवढंच म्हणाल्या.

मी स्वतः शिडी लावून उतरवला. घडी करून त्यांच्या पायाशी ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाल्या, "आठ दिवस होता ना टांगलेला?" मी हो म्हणालो. त्या कितीतरी वेळ माझ्या हातांकडे पाहत राहिल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, चला, मिटलं.

त्याच वर्षी माझ्या भाचीचं, ओमेश्वरीचं, प्रकरण निघालं. माझी बहीण गोरेगावजवळ दिलेली, घरी भाताची शेती. ओमेश्वरी केंद्रीय पोलीस दलाच्या भरतीच्या मागे लागलेली. पहाटे डांबरी रस्त्याने धावायची, रस्त्यावरचे ट्रकवाले तिला ओळखायला लागले होते. लेखी झालं, धावणं झालं, फक्त मेडिकल उरलं होतं. वयाची ही शेवटची संधी. आणि तिच्या उजव्या हातावर त्रिशूळ! नागऱ्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत मैत्रिणींबरोबर हौसेने गोंदवून घेतला होता. सलामी देतात त्या हातावर गोंदण चालत नाही, हे तिला नंतर कळलं. मेडिकलला वर्षभराचा अवकाश होता.

बहीण माझ्याकडे आली, मी तिला घेऊन सिस्टरांकडे गेलो. सिस्टरांनी ओमेश्वरीचा हात मांडीवर घेतला आणि त्रिशुळावरून अंगठा फिरवला.

"पोट्टी, एकदाच भेटनारा हात हाय हा. मी पाहून येतो, मंग सांगतो. तोवर उन्हात बाही खाली ठेवजो."

आता पुन्हा कशाला पाहायचं, मी म्हणालो, वरचा चांगला आहे हे तुम्हांला माहीतच आहे. त्यांनी मान हलवली. गेल्या वर्षीचं धान गेल्या वर्षी खाल्लं, असं काहीसं म्हणाल्या.

रोवणीचे दिवस होते. त्या रापलेले हात घेऊन वर गेल्या, रविवारी. डॉक्टर स्वतः उठून पुढे आला, खुर्ची दिली, पाणी दिलं. हात पाहून म्हणाला, नाही आंटीजी, रोवणीचा हात आहे, दिवाळीनंतर या. चष्मे धुतलेले होते. त्याची नखं स्वच्छ होती. दिवाळीनंतर सिस्टर पुन्हा रविवारी गेल्या, एक टिकली दिली. महिनाभर रोज त्या जागेवरून बोट फिरवीत राहिल्या. जागा साफ निघाली.

"जा म्हना पोट्टीले," त्यांनी मला सांगितलं. त्यांचा शब्द मिळाला म्हणताना माझ्या बहिणीने देवापुढे साखर ठेवली.

ओमेश्वरी गुरुवारी गेली. सकाळच्या एसटीने आली, दुपारी परत जायचं होतं. जिना उतरून माझ्या दुकानात आली तेव्हा हाताला पट्टी होती आणि चेहरा पांढरा पडला होता. "लय आग होऊन राहिली मामा," म्हणाली. होते थोडी, मी म्हणालो. चहा पाजला, एसटीत बसवून दिलं. दोन दिवसांत त्रिशुळाच्या आकाराचा फोड उठला. मग तो फुटला, चिघळला आणि भरला तेव्हा त्रिशूळ होता तिथेच राहिला. फक्त निळा होता तो लालसर, जाड, बोटाला लागेल असा झाला. मेडिकलला त्यांनी तो हात पाहिला आणि तिला बाजूला उभं केलं. कारण विचारलं तर कागदावर लिहून दिलं. शेवटची संधी होती, ती तशी संपली. पोरगी घरी येऊन कोठीत जाऊन बसली. पहाटे रस्त्यावर कोणी धावत नाही म्हणून ट्रकवाले विचारत होते म्हणे.

सिस्टरांना मी गोरेगावला घेऊन गेलो. त्यांनी ओमेश्वरीचा हात पूर्वीसारखाच मांडीवर घेतला.

"कोन्या वारी गेलती?"

"गुरुवारी."

"मशीन कोनं धरली?"

ओमेश्वरी माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तुमच्याकडे होते ना विनोदभाऊ, त्यायनंच केलं. मले वाटलं, आपल्याच ओळखीचे हायेत."

विनोद माझ्याकडे चार वर्षं फ्लेक्सची मशीन चालवत होता. दोन लेकरांचा बाप, वाईट माणूस नव्हे. पण काम लवकर उरकायला मशीनचा हीटर वाढवून ठेवायचा, रोल आकसायचा, म्हणून मी त्याला कितीदा बोललो होतो. दवाखान्यात लागलो म्हणून पेढे देऊन गेला तेव्हा मला वाटलं, नंबर लावायच्या कामावर असेल.

येताना सिस्टर एसटीत खिडकीशी बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "मी गेली ते दोन्ही बार रविवारी. मले त्यायनं खुर्ची देली, पानी देलं. पहिल्या बारी नोती देली. तवा मी कोनी नोती."

मी खाली पाहत होतो.

"तपासनाऱ्याले ओळखलं का तपासनी मेली, राजू. माहा चेहरा त्या घरात कोन घेऊन गेलं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. मला जन्मात इतकी लाज कधी वाटली नाही.

तक्रारीचा अर्ज सिस्टरांनी स्वतः लिहिला, आरोग्य खात्यात देऊन पोच घेतली. वरच्याने दाखवलं, संमतीच्या कागदावर मुलीची सही आहे, भिंतीवर डॉक्टरचा कागद आहे. अर्ज कुठेतरी फिरत राहिला. तेव्हा एका गुरुवारी सिस्टरांनी स्कूटरवर पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ गुंडाळला, फक्त डोळे उघडे. रापलेला उजवा हात घेऊन वर गेल्या. नाव दुसरंच सांगितलं. विनोदने विचारलं नाही, उन्हात होता का. त्यांनी या वेळी एक टिकली नाही, उरलेल्या साऱ्या टिकल्या आणि वेल दिली. फुलासकट अख्खी.

नंतर मी विचारलं, सिस्टर, जळत होतं तर हात ओढून का नाही घेतला?

"ओढला असता तर तो थांबला असता," त्या म्हणाल्या. "ओमेश्वरीच्या बारीत तो सोताहून काऊन नाई थांबला, ते पाहाचं होतं."

ती जखम भरेना. वय होतं, साखर होती. पण रोज सकाळी त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसायच्या. चेहरा उघडा, उजवा हात उघडा, गुडघ्यावर आडवा. कोणाला अडवायच्या नाहीत. वर जाणारी बाई हात पाहायची, थबकायची, मागे फिरायची. चार-पाच आठवड्यांत वरचा जिना ओस पडला. विनोद एकदा खाली आला, त्यांच्यासमोर उभा राहिला आणि रडला. सिस्टरांनी त्याची नखं पाहिली आणि म्हणाल्या, "घरी जाय बापा."

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मागे फिरलेल्या बाया घरी जात नव्हत्या, खालच्या दारात शिरत होत्या.

खालच्याचा मॅनेजर माझ्याकडे आला तो खुशीत होता. त्याच्या मोबाईलमध्ये सिस्टरांच्या हाताचा फोटो होता, पायरीवर बसलेल्या असताना जवळून काढलेला. म्हणाला, राजूभाई, पंधरा फुटी करा. वर लिहा, 'चुकीच्या हातात जाऊ नका'. मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा छापायला नाही म्हणालो. तो हसला, खांद्यावर थाप मारून गेला. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दुकानातून छापून आला आणि माझ्या समोरच लागला. एवढा मोठा हात, जळलेल्या वेलीचं एक एक पान दिसत होतं. खाली खालच्या दवाखान्याचा बाण.

दुसऱ्या दिवशी सिस्टर पायरीवर आल्या. वर पाहिलं. आपल्याच हाताखाली किती वेळ उभ्या होत्या ते सांगता येत नाही. त्या दिवशी त्या बसल्या नाहीत. घरी गेल्या, मग कळलं, गावाला गेल्या. मला वाटलं, दमल्या. हरल्या.

खालच्याच्या दारात रोज रांग लागू लागली. त्या फ्लेक्सखालून बाया आत जायच्या, लग्नाच्या पोरी, त्यांच्या आया. कोणीतरी एक ओमेश्वरी त्यांत असणारच, हे मला दिसत होतं आणि मी काउंटरवर बसून पाहत होतो.

पुन्हा रोवणीचे दिवस आले. एका सकाळी रांगेत एक बाई येऊन उभी राहिली. तोंडाला गुलाबी स्कार्फ, पायात चिखलाच्या चपला, हातावर वाळलेला चिखल. शेतातून आलेली कोणी असेल म्हणून मी नजर वळवणार, तेवढ्यात तिने उजवा हात पदराखाली घेतला. फ्लेक्सवरचा तो हात पूर्ण झाकला. आणि डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सारली.

टिकल्यांच्या ओळी, वेल, टोकाला फूल. लहानपणी टोचला होता तसाच, एकही टिकली न गेलेला.

मी उठून दारापर्यंत आलो. हाक तोंडात आली होती. सिस्टर, नका, तो वर न्यायचा आहे ना. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. स्कार्फच्या वरचे डोळे नेहमीसारखेच होते, आणि पहिल्यांदाच ते माझ्या हातांकडे नव्हे, माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी हाक मारली असती तर त्या ओळखल्या गेल्या असत्या.

मी तोंड उघडलं नाही. आतून नंबर पुकारला गेला. सिस्टरांनी डावा हात पुढे धरला आणि काचेच्या दारातून आत गेल्या.